रंगीत तालीम

खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या शिक्षिकेचा नंबर अजून लांब होता. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजय अंगाने चांगली भरलेली, जिना चढून आल्याची धाप अजून उतरली नव्हती.

"वहिनी, पुन्हा एकदा. मी डॉक्टर. काय होतंय तुम्हाला?"

"दम लागतो."

"वजन कमी करा."

"बरं, डॉक्टर."

"अहो, बरं काय! आणि उठलात कशाला?"

"सवयच झालीय, वन्सं. मागे कान दुखत होता, तेव्हाही हेच म्हणाले."

"वजन कमी करा? कानाचं?"

दोघी हसल्या. हसता हसता भावजयीला धाप लागली, तशी नणंद हसायची थांबली.

"रात्री आडवं झालं की जीव घुसमटतो, बसून झोपावं लागतं, हे सांगितलंत त्यांना?"

"तिथवर पोचतच नाही हो. काट्यावर उभं केलं की माझी वाचाच बसते."

"मी येते आत."

"नको. तुमच्यासमोर ते ऐकायची आणखी लाज वाटते."

"मग पुन्हा. वजन कमी करा."

"करते. पण..."

"पण काय?"

तेवढ्यात आतून हाक आली. भावजय गेली. दार नीट लागलं नाही. शिक्षिकेचं मासिकाचं पान कधीचं उलटायचं राहिलं होतं.

"आधी वजन कमी करा, बाई."

"बरं, डॉक्टर."

खुर्ची सरकली. नणंदेने डोळे मिटले. मग तीच खुर्ची पुन्हा सरकली.

"वजन करते कमी. पण आज छाती तपासल्याशिवाय मी उठणार नाही."



"बरं. मोठा श्वास घ्या."