बाण वर

नव्या इस्पितळाच्या बाकावर मी माझा नंबर यायची वाट पाहत होतो. शेजारी एक सासूबाई धापा टाकत येऊन बसल्या, मागोमाग त्यांचे जावई.

"जावईबापू, इथल्या पाट्या तुम्हीच केल्यात ना? मग ह्यांना ऑपरेशनला आत नेण्याआधी एकदा भेटवा की!"

"आई, तुम्ही पाटीप्रमाणे चालतच नाही."

"चालले की! बाण वर होता, म्हणून जिना चढले."

"वर बाण म्हणजे वर नाही हो. सरळ पुढे."

"मग पुढे बाण काढायचा."

"तोच काढलाय! पाटी भिंतीवर उभी असते, पुढचा बाण वरच दिसणार."

"इस्पितळात आलेल्या माणसाला वरची वाट दाखवता? शोभतं का?"

"जगभर हाच बाण चालतो."

"चालत असेल. माझे गुडघे चालत नाहीत. 'सरळ जा' एवढं लिहायला हात दुखत होते?"

"अक्षरांनी पाटी भरून जाते, आई."

"आणि जिने माणसांनी भरून गेलेत, ते?"

तेवढ्यात लिफ्टमधून दोन वॉर्डबॉय एक स्ट्रेचर ढकलत बाहेर आले.

"अगंबाई, हे तर आमचेच! अहो, झालं ऑपरेशन?"

"कसलं ऑपरेशन! हे दोघे मला मघापासून वरखाली फिरवतायत. म्हणतात, बाण वर आहे."

"बाबा, मी आत्ताच्या आत्ता पाटी बदलून घेतो."

"थांबा हो, जावईबापू! आधी आमचं बोलणं होऊ द्या."