फियाट चोरीला गेलेली नाही

पुरवणी जबाब

नाव : राजेश्वरी बंडप्पा हत्तरगे, वय ५१ वर्षे, व्यवसाय : प्राथमिक शिक्षिका, अविवाहित, राहणार उमरगा, जिल्हा धाराशिव.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, मी वरील ठिकाणी वडिलांच्या घरात एकटी राहते. वडील सहा वर्षांपूर्वी वारले. धाकटा भाऊ योगीराज गावातच वेगळा राहतो. तो विमा एजंट आहे. त्याच्याशिवाय मला जवळचे कोणी नाही.

गेल्या सोमवारी मी याच ठाण्यात माझी फियाट गाडी अज्ञात चोरट्याने नेल्याची फिर्याद दिली. फिर्यादीचा मजकूर योगीराजने सांगितला आणि मी मान हलवली, कारण रडू आवरत नव्हते. आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. गाडी चोरट्याने नेलेली नाही. ती कोणी नेली ते मला माहीत आहे, म्हणून हा जबाब देत आहे.

गाडी १९७१ सालची, पांढरी, वडिलांनी सोलापुरातून आणलेली. आम्ही दोघे भावंडं हिच्यावरच गाडी शिकलो. वडिलांनी ती हयातीतच माझ्या नावावर केली, कारण योगीराजला ती चालवायची लाज वाटायची. दर पाच वर्षांनी मी तिचे पासिंग करून घेते. एवढी जुनी गाडी रोज कशाला चालवता, असे हवालदार साहेबांनी विचारले. सगळे उमरगा विचारते. माझे उत्तर असे की गाडी चालते म्हणून चालवते. मी तिने रोज हायवेने शाळेत जाते आणि येते. वाटेत आणखी तीन शिक्षिका बसतात. उन्हाळ्यात इंजिनातला पेट्रोलचा पंप तापून गाडी बंद पडली की त्यावर ओले फडके टाकून थोडे थांबावे लागते. तेवढ्यात आमचा चहा होतो. गाडी शोभेची नाही.

विम्याबाबत सांगते की, इतक्या जुन्या गाडीचा पूर्ण विमा उतरवायला कोणी तयार नव्हते. समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा मिळायचा, आमचा आणि गाडीचा नाही. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मी योगीराजला ओवाळले, तेव्हा त्याने ताटात पाकीट ठेवले. म्हणाला, "ताई, तुझ्या गाडीची पॉलिसी हाय. गाडीचं बी, आत बसणाऱ्याचं बी, सगळं आलं ह्यात. आता बिनघोर हिंड." मी त्या दिवशी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत सुटले होते. त्यानंतर दर भाऊबीजेला ताटात तसेच पाकीट पडत आले. मधे कधीतरी तो सह्या घेऊन जाई. भावाची ओवाळणी उघडून बघण्याची आमच्या घरात रीत नाही. मी पाकिटाला कुंकू लावून ते देवघरात ठेवत असे. सहाही पाकिटे तिथेच आहेत.

रविवारी योगीराजची बायको समृद्धी मला तुळजापूरला देवीला घेऊन गेली. भाड्याची गाडी योगीराजनेच ठरवून दिली होती. "तुझ्या म्हातारीला आज सुट्टी दे," असे तो फियाटकडे बघून म्हणाला आणि आम्ही हसलो. त्याला काम असल्याने तो आला नाही. संध्याकाळी परत आलो तर दारात गाडी नव्हती. माझ्याकडची किल्ली पर्समध्ये होती. दुसरी किल्ली वडिलांपासून योगीराजकडे असते.

मंगळवारी सकाळी अंगण झाडताना मला दगड दिसला. त्याचे असे की, गाडीचा हँडब्रेक धरत नाही आणि दारात उतार आहे, म्हणून गाडी लावली की मागच्या चाकाला दगड लावतो. गाडी काढताना तो दगड उचलून ओट्यावर भिंतीकडेला ठेवायचा. एकदा शेजारच्या धुरपदाबाईंचा अंगठा त्याला ठेचून फुटला होता, तेव्हा वडिलांनी आम्हा दोघांच्या थोबाडीत देऊन हे शिकवले. चोर असता तर त्याने दगड लाथेने उडवला असता. मी रविवारी निघताना दगड चाकाला होता. मंगळवारी तो ओट्यावर, भिंतीकडेला होता. मी झाडू खाली ठेवून तिथेच बसले. तरी मी मनाची समजूत घालत राहिले की कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याने उचलून ठेवला असेल. सख्ख्या भावाविषयी असे मनात आणायची माझी मलाच लाज वाटली.

बुधवारी विमा कंपनीचा माणूस चौकशीला येणार होता. त्याच्या आधी योगीराज आला आणि म्हणाला, "तो इचारंल, गाडी रोज चालवता का. तर न्हाय म्हणायचं. शेडमध्ये झाकून असती, कधीमधी प्रदर्शनाला नेतो म्हणायचं." मी विचारले, "खोटं कशाला? अर्ध्या गावाला ठाऊक आहे." त्यावर तो म्हणाला, "पॉलिसीच शोभेच्या जुन्या गाडीची हाय, ताई. रोज चालवायच्या गाडीला कोण एवढा विमा देतंय?" मी विचारले, म्हणजे मी सहा वर्षं जी चालवत होते तिचं काय? "झालं का आता काही?" असे म्हणून तो मोबाईल बघत बसला. कंपनीच्या माणसासमोर मी बरे वाटत नाही असे सांगून आत जाऊन पडले. खरेच बरे वाटत नव्हते.

काल जळकोटहून हरिबा मिस्त्रीचा फोन आला. तो वडिलांच्या वेळेपासून आमच्या गाडीचे काम करतो आणि या भागात असल्या गाडीला हात लावणारा दुसरा कोणी राहिलेला नाही. म्हणाला, "बाई, तुमी गाडी इकायलीत व्हय? भाऊसाहेब रविवारी आणून लावून गेले. रंग बदला म्हणत्यात, हैद्राबादचा गिऱ्हाईक येणार हाय. पर तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर मला रंग खरडवंना झालाय." मी शाळा सुटल्यावर एसटीने जळकोटला गेले. गाडी गॅरेजमागे ताडपत्रीखाली होती. दोन्ही नंबर प्लेट काढल्या होत्या. मागच्या सीटवर चौथीच्या मुलांच्या तपासायच्या वह्या होत्या तशाच होत्या. मी दार उघडून थोडा वेळ आत बसले. हरिबाला एवढेच सांगितले की कशाला हात लावू नका. तो म्हणाला, "न्हाय लावत. तुमी रडू नगा." योगीराजला मी काही बोलले नाही.

आज सकाळी योगीराजच मला त्याच्या गाडीतून इथे घेऊन आला. कंपनीला आणखी एक जबाब हवा आहे, त्यात गाडी रोजच्या वापरात नव्हती असे सांगायचे, हे त्याने रस्त्याने माझ्याकडून दोनदा म्हणून घेतले, मी पहिलीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेते तसे. क्लेम आला की तुला नवी आटोमॅटिक घेऊ, असेही म्हणाला. मी बरं म्हणाले. सध्या तो बाहेर बाकावर बसला आहे. हा जबाब चालू असताना त्याने दारातून डोकावून, "ताई, झालं का? पाणी आणू का?" असे विचारले. मी आण म्हणाले. त्याने आणलेले पाणी मी प्याले.

त्याला गाडी हवी होती तर मागायची होती. मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण दिली असती. गाडी नेली याहून मोठी गोष्ट माझ्या मनात आहे. मी त्याच हायवेने रोज तीन बायकांना घेऊन जाते, हे त्याला ठाऊक होते. एखाद्या दिवशी ट्रकने उडवले असते तर आमच्यासाठी कुठूनही काही मिळाले नसते, हेही त्याला ठाऊक होते. ते ठाऊक असताना त्याने सहा वेळा माझ्यासमोर पाटावर बसून कपाळ पुढे केले. मला याचा राग आहे. तसे लिहावे.

हवालदार साहेबांनी सुचवले की घरचा मामला आहे, "गैरसमजातून नेली" असे घालू का. मी नको म्हणाले. माझी फियाट माझा भाऊ योगीराज बंडप्पा हत्तरगे याने मला न सांगता नेली आणि चोरीची फिर्याद त्यानेच माझ्या तोंडून दिली. त्याच्यावर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी.

जबाब वाचून दाखवण्याआधी योगीराजला आत बोलवावे, असे मी सांगितले. त्याला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवण्यात आले. क्लेमचा जबाब असेल असे वाटून तो खिशातून पेन काढून बसला. पहिल्या ओळीपासून सर्व मजकूर आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचण्यात आला. मध्ये एकदा तो, "ताई, घरी बोलू की," असे म्हणाला. मी पुढे वाचायला सांगितले. वाचून झाल्यावर काही कमी-जास्त करायचे आहे का, असे मला विचारण्यात आले. योगीराज माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणाले. लिहिलेला शब्दन् शब्द मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही केली.