कसलाच वास न्हाय

पद्मजा: लाल दिवा लागून विझला म्हणता, भरमूअण्णा. आत्ता कुठला आहे?

भरमू: आता हिरवा हाय, मॅडम. धूळ बसली की लागतोय, गेली की इझतोय. रोजचंच हाय त्ये.

पद्मजा: रोजचंच म्हणून सोडायला तो काय देवघरातला दिवा आहे? गॅस गळतोय असं सांगतोय तो. आणि मला इथं टिळकवाडीच्या कंट्रोल रूममध्ये बसून तुमचं गॅसवरचं विजेचं इंजिन चालू करायचंय.

भरमू: मग करा की.

पद्मजा: वारा पडला, पवनचक्क्या थांबल्या. सोलरवर ढग. सरकारी लाइन सकाळपासून बंद. तिकडं फाउंड्रीच्या भट्टीत लोखंड वितळून तयार आहे. लगेच वीज मिळाली नाही तर ते आतच थिजेल, भट्टी फोडूनच काढावं लागेल. सगळे प्लांट माझ्या स्क्रीनवर दिसतायत, आणि आज उपयोगाचा तुमचा एकटाच.

भरमू: म्हंजे आमच्यावरच आलं.

पद्मजा: म्हणून तर विचारतेय. गॅस मोजायचं हातातलं मीटर दुरुस्तीला गेलंय. गॅसला मुद्दाम घाण वास मिसळतात, तो माणसाला कळावा म्हणूनच. इंजिनच्या खोलीत जाऊन आलात?

भरमू: आतच हुबा हाय.

पद्मजा: मग?

भरमू: काय न्हाय.

पद्मजा: नीट घेतलात ना वास? माझा हात बटणावर आहे.

भरमू: मॅडम, निपाणीच्या वखारीत नुसता वास घिऊन तंबाखू निवडायचो मी. ह्या नाकासाठीच तर तुमच्या सायबांनी मला घेतलंय.

पद्मजा: ठाऊक आहे. मंगलाक्का कुठं आहेत आज?

भरमू: तिचं काय मधीच?

पद्मजा: रोज फेरीच्या वेळी त्यांचा आवाज येतो फोनवर. आधी त्या म्हणतात 'काय न्हाय', मग तुम्ही म्हणता. मला आपलं वाटायचं, डबा घेऊन येतात आणि नवऱ्याच्या मागं मागं हिंडतात.

भरमू: कंग्राळीला गेलीया, म्हायारला. भाच्याचं बारसं हाय.

पद्मजा: बरं. शेवटचं विचारते. कसला म्हणजे कसलाच वास नाही?

भरमू: कसलाच न्हाय. आईशप्पत.

पद्मजा: थांबा जरा. कॅमेऱ्यात कुंपणापलीकडं धूर दिसतोय. गुऱ्हाळ सुरू झालं का?

भरमू: व्हय, कालधरनं.

पद्मजा: काल हायवेनं येताना काचा बंद होत्या, तरी गाडीभर गुळाचा वास भरला होता. तुम्ही शेजारी उभे, खिडक्या सताड उघड्या. आणि कसलाच वास नाही?

भरमू: येतोय की. गुळाचा येतोय.

पद्मजा: आत्ता आईची शपथ घेतलीत.

भरमू: घाई हाय म्हनत हुता न्हवं? करा की चालू.

पद्मजा: कधीपासून येत नाही वास?

भरमू: कोरोना झालता, तवाधरनं. गेला त्यो परत आलाच न्हाय. कुनाला सांगू नगा, मॅडम, नोकरी जाईल. मंगल हुंगती. ती न्हाय म्हनली की मी न्हाय म्हनतो. आज ती न्हाय… म्हनलं, रोजच्यासारखंच आसंल.

पद्मजा: अरे देवा! हात काढला मी. आता नीट ऐका. दिवा, पंखा, कशाचंच बटण दाबू नका.

भरमू: फोन बंद करू?

पद्मजा: नको! त्यालाही बोट लावू नका, आहे तसाच धरा आणि बाहेर चला. मी इथून गॅस बंद करतेय… होत नाहीये. होतच नाहीये! फाटकाबाहेर पाइपावर मोठं चाक आहे ना, ते हातानं फिरवा.

भरमू: डोस्कं जड झालंय मघाधरनं. मला वाटलं, उपाशी हाय म्हनून.

पद्मजा: चला, अण्णा. बोलत बोलत चला.

(फोन चालूच आहे. थोडा वेळ पावलं वाजतात, मग तीही नाहीत. पद्मजाचा दुसरा फोन वाजतो.)

मंगल: मॅडम, मी मंगल बोलतो. भरमूच्या घरातली. ह्यांचा फोन लागंना. म्हशीन चालू केलासा काय?

पद्मजा: नाही केलं.

मंगल: पाया पडतो, करू नगा. सकाळीच म्हनलं हुतं, रजा टाका. तर म्हनले, का म्हनून इचारतील. मॅडम, त्यास्नी वास…

पद्मजा: कळलंय मला, मंगलाक्का.

मंगल: मग कुटं हाईत ते?

पद्मजा: बाहेर निघालेत. फोनवर होते.

मंगल: हुते म्हंजे?

पद्मजा: आवाज येत नाहीये. फाटकाकडं कॅमेराही नाही. फायर ब्रिगेड निघालीय. मला भीती वाटतेय हो. तुम्ही फोन ठेवू नका.

मंगल: आमी रोज खरंच सांगिटलं, मॅडम. मी नाक लावल्याबिगर एक दिस गेला न्हाय. आजच तेवढा… त्यास्नी हाक मारू काय? माझ्या हाकंला ओ देत्यात.

पद्मजा: मारा. दोन्ही फोन जवळ धरते.

मंगल: अवं! ऐकतायसा न्हवं? अवं, ओ द्या की!

भरमू: …वरडू नगंस. चाक गच्च बसलं हुतं. फिरलं.

पद्मजा: प्रेशर उतरतंय! अण्णा, कुठं आहात?

भरमू: गुऱ्हाळापाशी. माणसं नाकाला टावेल लावून हुबी हाईत. मघाधरनं घाण मारतीया म्हनत्यात.

पद्मजा: त्यांचं चुलवाण विझवा आधी!

भरमू: इझवलं. पानी वतलं.

मंगल: नाक गेलं ते गेलं, अक्कलबी गेली काय तुमची? बस धरतो मी. आलोच.

भरमू: मॅडम, फाउंड्रीचं?

पद्मजा: थिजलं असेल लोखंड. त्यांचा फोन वाजतोय मघापासून. काय सांगायचं ते मी सांगेन.

भरमू: आन माझं?

पद्मजा: आत्ता नका विचारू. उद्या ह्या खुर्चीत मी तरी असेन का, कुणास ठाऊक. फायर ब्रिगेडची माणसं पोचतील एवढ्यात. ती तुम्हालाच विचारतील, आत अजून वास आहे का म्हणून.

भरमू: इचारूद्यात. मंगल येईपतोर मी 'काय न्हाय' म्हनत न्हाय.