शंभरात सत्त्याण्णव

– न्हाई, बस आधी, महेश. बहिणीनं इचारायला धाडलं म्हणून उभ्या-उभ्या जबाब घेऊन जाशील व्हय? दाजीनं रस्त्यात बघितलं का न्हाई बघितलं – एवढंच ना? बघितलं न्हाई म्हटलं की विजयश्री उद्या नौबादला घरी येणार, बघितलं म्हटलं की संतपूरला माहेरीच राहणार, कायमची. कळलं मला. सांगतो की. पण आधी हे बघ – धर मोबाईल – दिसला आकडा? सत्त्याण्णव. विमा कंपनीचं ॲप हाय, गाडी कशी चालवतो त्याचे शंभरातले मार्क देतंय. ह्या गल्लीत हायत कुणाचे? शेजारचे शिवशंकरप्पा, एवढे मोठे मास्तर – एक्क्याऐंशी. तुझ्या जीपला तर ते ॲप हातबी लावणार न्हाई.

तुला वाटतंय, गाडी नीट चालवली की झालं. कशाचं झालं. एकदा गचकन ब्रेक लागला की मार्क गेले, अन् मग ते भरून काढायला साधे-सरळ किलोमीटर घालावे लागतात – वरण खारट झालं की पाणी घालतात तसं. म्हणून तर मी रोज सकाळी औराद रस्त्यानं रिकामी गाडी फिरवून आणतो. ठरलेले किलोमीटर – कमी न्हाई, जास्त न्हाई, जास्त झाले तरी कापतंय. तुझी बहीण म्हणायची, रिकामीच फिरवता तर मला एकदा माहेरी नेऊन आणा. आता हिला कोण समजावणार? माणूस बसलं की हितं थांबा, तिथं थांबा, हे घेऊ, ते घेऊ. बसनं जा म्हटलं. गेली बसनं. त्यात तोंड फुगवायला काय झालं?

अन् त्या दिवशीचं म्हणशील तर – तुझ्या अप्पांच्या छातीत दुखायलं, ती त्यांना टमटमनं बिदरला दवाखान्यात आणायली, वाटेत औराद रस्त्यावरच टमटम पंक्चर झाली. बरं मग? टमटम मी पंक्चर केली का? दुसरं वाहन मिळालंच की. वाचले की अप्पा. तिला सांग, दाजीला काही दिसलं न्हाई. डोळ्यावर ऊन, मागं उसाचा ट्रॅक्टर – कसं दिसंल? अन् दिसलं असतं तरी, तूच सांग, गाडी अशी थांबवतेत व्हय? हात करायचा तर दुरून करावा. अप्पांना दगडाला टेकवून बसवलेलं, ही पदरानं वारा घालायली, अन् गाडी पार जवळ आल्यावर एकदम हात वर करती – तिथं ब्रेक मारला असता तर महिनाभराची मेहनत गेली असती पाण्यात. पुढं जाऊन सावकाश थांबलो असतो, पण माघारी वळायचं म्हणजे किलोमीटर वाढले. ते हिच्या डोक्यात कुठून शिरणार? अन् वरून वरडती काय – लग्न झाल्यापासून कधी माझं नाव घेतलं न्हाई बाईनं, अन् तिथं भर रस्त्यावर 'सिद्धेश्वर, सिद्धेश्वर' – काच वर होती तरी ऐकू आलं –

काय बघायलास असा? चहा घे, निवायलाय.

महेश.

जा मग. सांग काय सांगायचं ते. अन् जीप सावकाश काढ, माझ्या गाडीला घासू नको.