बुडीतातल्या बाया

भंडारदऱ्याच्या वरल्या अंगाला एक ठमाबाई हुती, तिची एक जाऊ सखू हुती. ठमाबाई म्हंजी मीच गं, चा घ्या तुमी. तवा आमच्या वाडीखाली नवं धरण बांधायचं निघालं, आन त्याला कर्ज देनार हुती एक सरकारी बँक. घर, भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, समदं पान्यात जानार. अशा गावाला बुडीतातलं गाव म्हनत्यात. मग आमी बायाच गेलो बँकेत, कर्ज देऊ नका म्हनून सांगायला.

दारातल्या सायबानं इचारलं, "मावशी, काय काम?"

सखू म्हनली, "आमी बुडीतातल्या, सायब."

"बुडीत? मग तिकडं वसुलीच्या टेबलाला जा."

वसुलीवाल्यानं खुर्च्या दिल्या. "बोला, कधीपासून बुडीत आहात?"

"आजून न्हाई बुडालो. तुमी पैसं दिलं की बुडू."

तो चक्रावला. "मावशी, आधी पैसे घेतल्याशिवाय कोणी बुडतं का?"

"व्हय ना! मग देऊच नका की!"

आख्खी बँक हसली. मोठा सायब केबिनीतून भाईर आला, त्यानं समदं आईकलं. पुढं लई हेलपाटे घातले आमी, तवा कुठं बँकेनं हात काढून घेतला आन धरण बांधायचं ऱ्हायलं.

सखू आता न्हाई. पन परवा तिच्या नातीचं लगीन त्याच हिरड्याखाली लागलं. व्याह्याकडला एक पाव्हना इचारतो, "वाडीचं नाव काय म्हनायचं?"

म्हनलं, "बुडीतातली वाडी, पाव्हनं. बसा खुशाल, धोतर भिजायचं न्हाई."