वीतभर पत्रा

नाही, पण मला सांगा, खडखडणारी वस्तू गप्प करणं हा काय गुन्हा आहे का हो? दार वाजतं, आपण कागदाची घडी सारतो, खिडकी वाजते, चिंधी कोंबतो... मग गाडी वाजली तर माणसानं काय करायचं, ऐकत बसायचं? तुम्हाला सांगतो, मी फक्त एक बोल्ट काढला! बरं, दोन. पण दुसरा आधीच ढिला होता, शपथ घेऊन सांगतो!

गाडी माझी नव्हे, सासऱ्यांची. बावीस वर्षांची. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, दोन महिने गाडीला हात लावायचा नाही, तेव्हा चावी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "जावईबापू, नुसती उभी ठेवू नका हो हिला, रोज थोडी फिरवा." फिरवली की! पण खालून सारखं खड खड खड... डोक्यात जायला लागलं. एका रविवारी शिरलो खाली, तर वीतभर पत्रा, इंजिनापाशी लोंबतोय, ना कशाला आधार ना कशाचं झाकण. काढला. गाडी गप्प! आणि आमचं वॉशिंग मशीन, जे कपडे पिळताना थरथरत बाथरूमच्या दारापर्यंत चालत यायचं, त्याच्या एका पायाखाली तोच पत्रा हातोडीनं दुमडून सारला. तेही गप्प! बायको म्हणाली, "अरे वा, काय केलंस काय?" मी काही बोललो नाही. म्हटलं, कशाला आपल्याच तोंडानं आपलं कौतुक...

दोन महिन्यांनी गाडी परत दिली आणि सुरू झाला तमाशा. सकाळी गार असताना चावी फिरवली की शहाण्या मुलीसारखी सुरू. वीस मिनिटं चालवा, बंद करा, परत चावी फिरवा... टक्. बास, नुसतं टक्! अर्धा तास थांबा, गार होऊ द्या, परत शहाणी! शेजारचे काका म्हणाले, "बॅटरी." बॅटरी बदलली. टक्. मेहुण्यानं फोनवरून निदान केलं, "पेट्रोलची वाफ होतेय, नळीवर ओलं फडकं ठेवा." ठेवलं. फडकं वाळलं, गाडी टक्. मेकॅनिककडे न्यावी तर तिथं तासभर रांग, पाळी येईपर्यंत ही गार, आणि एका झटक्यात सुरू! डॉक्टरच्या दारात दाढदुखी थांबते ना, तसं. मेकॅनिक म्हणतो, "काका, गरम असताना आणा." सासरे म्हणतात, "अरे बाबा, गरम असताना ती येत नाही, तेच तर सांगतोय!"

बरं, यात हसण्यासारखं काही नाही हं. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना रोज पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात चालायला सांगितलंय, आणि रोज नेणार-आणणार कोण, तर सासरे. एके दिवशी येताना पेट्रोल पंपावर थांबले, गाडी बंद केली... टक्. मागे रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि एक दीडशहाणा खिडकीतून ओरडतो, "ओ आजोबा, झेपत नाही तर चालवता कशाला?" सासूबाई ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल, खाली उतरल्या आणि त्या गुडघ्यांनिशी गाडी ढकलायला लागल्या! पुढे दोन दिवस अंथरुणात होत्या.

मेकॅनिकला पंपावरच बोलावलं, मलाही बोलावलं, आणि पहिल्यांदाच त्याला गाडी गरम सापडली. तो खाली शिरला आणि ओरडला, "काका, इथं एक पत्रा असतो! सायलेन्सरच्या पाइपाची धग स्टार्टरला लागू नये म्हणून! तो नाही, म्हणून स्टार्टर भाजतोय आणि फिरत नाहीये. कुठल्या गाढवानं काढला?" गाढव दोन हात अंतरावर उभं होतं हो! सासरे म्हणाले, "काढेल कोण? माझ्याच हातून आदळली असणार खड्ड्यात, पडला असेल रस्त्यात. डोळ्यांचा काही भरवसा नाही राहिला आता." मी काही बोललो नाही.

घरी येऊन त्यांनी चावी टेबलावर ठेवली. "बास. झालं माझं चालवणं." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, मलाही त्या पाण्याचा कंटाळाच आला होता." खोटं! त्या तलावाच्या वेळेला तयार होऊन बसायच्या! रात्री आमच्या घरी बायको डोळे पुसत म्हणते, "बाबा खचले रे..." आणि मागं मशीन कसं, मांजरासारखं गप्प, कपडे पिळतंय!

दुसऱ्या दिवशी उपसला पत्रा, ठोकून सरळ केला, गेलो सासऱ्यांकडे आणि एका दमात म्हटलं, "बाबा, पत्रा मी काढला होता. वाजत होता म्हणून. तुमची काही चूक नाही, डोळ्यांची तर नाहीच नाही. हा बघा पत्रा!" ते माझ्याकडे बघतात, पत्र्याकडे बघतात, परत माझ्याकडे... आणि डोळ्यांत पाणी! "जावईबापू, म्हाताऱ्याचं मन राखायला आळ स्वतःवर घेतलात? आणि रस्ते धुंडाळून पत्राही शोधून आणलात?" मी म्हटलं, "नाही हो, मशीनखाली..." ते आतल्या खोलीकडे वळून, "अगं ऐकलंस का? पोटचा मुलगा करणार नाही एवढं!" मी शपथ घेऊन सांगितलं, तर त्यांना तो माझा विनय वाटला. मग पत्रा बसवायला गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं पत्रा हातात घेतला, वास घेतला आणि हळूच म्हणाला, "साहेब, रस्त्यात पडलेल्या पत्र्याला साबणाचा वास कसा हो?" आणि गुपचूप बसवला.

आता सासरे चालवतात, सासूबाई पाण्यात चालतात, गाडी गरम असो की गार, पहिल्या फटक्यात सुरू. सगळ्या नात्यात माझा डंका, "जावई असावा तर असा!" पण पत्रा मी दुमडलेला ना, नीट बसत नाही, पूर्वीपेक्षा जोरात वाजतो. सासऱ्यांना ऐकू येत नाही, मला येतं. घरी मशीन तर आता बाथरूम ओलांडून हॉलमध्ये येतं, आणि बायको त्याला धरून विचारते, "याच्या पायाखाली काहीतरी होतं ना रे?" आधी सासऱ्यांना खरं सांगून बघितलं, तर कौतुक झालं. आता हिलाही सांगितलं आणि हिनंही कौतुक केलं तर? नको हो, ते नाही सोसायचं. दोन्हीकडे वाजतंय, वाजू दे... मी काही बोललो नाही.