झोपवलेला कॉम्प्युटर आणि एकसष्ट नावं

…आणि वर घरचे मलाच विचारतात, "सावळीराम, कॉम्प्युटर बंद का नाय केला?" अहो, महिना झाला, मी त्याला बंद करतच नव्हतो! माझा मेहुणा महेश नाशिकला ऑफिसात असतो, तो आला नि म्हणाला, "दाजी, रोज शटडाऊन काय करता? स्लीपला टाका! सकाळी बटण दाबलं की जिथं सोडलं तिथंच!" मला पटलं हो. झोपवायचा. झोपलेलं उठतं!

तर तुम्हाला सांगतो, लग्न आमच्या पोरीचं, तेजस्विनीचं. पत्रिका मीच टाईप करायला घेतली, कारण छापणाऱ्याच्या हाती भाऊबंद द्यायचे म्हणजे… नको रे बाबा! आमच्या निफाडकडं पत्रिकेत नवरा-नवरी कोपऱ्यात आणि भाऊबंद पानभर. मला धरून एकसष्ट नावं! त्यात चुलतभाऊ वाल्मीक खुर्ची ओढून शेजारीच बसला, "आमच्या आप्पांचं नाव तुझ्या मामाच्या खाली? मग आम्ही मांडवात येत नाय!" घेतलं वर. मामा रुसले. मामांना 'प्रमुख उपस्थिती' दिली, तर चांदवडचे साडू रुसले. चार दिवस, तुम्हाला सांगतो, चार दिवस नुसते फोन! शेवटी सगळ्यांचा होकार आला आणि मी ते सेव्ह… केलं नाय. कशाला करू? झोपवलाय ना! झोपलेलं उठतं!

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या बस्त्याला सगळं घर नाशिकला निघालं. जीप भरली, घरातून शेवटी कोण निघालं? कुसाआत्या! आत्याचा जन्माचा नेम, घराबाहेर पडायचं तर गॅस बघायचा, मेन स्विच पाडायचा, कुलूप तीनदा ओढायचं. जीपमध्ये बसून वर कौतुकानं सांगते, "ते काळं डबडं डोळा मिचकावत होतं रे, म्हटलं रिकाम्या घरात वायर जळायची. पाडलं मेन!" मी म्हटलं, बरं केलंस. वाटेत चांदोरी गाव आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. असा ओरडलो की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला!

बस्ता उरकून घरी आलो, मेन चढवला, बटण दाबलं. उठला हो… पण कोरा! एकसष्टातला एक माणूस शिल्लक नाय! महेशला फोन लावला, तर म्हणतो, "दाजी, स्लीपला पण लाईट लागतेच ना." अरे, मग हे आधी नाय सांगायचं? झोपायला लाईट लागते हे कोणाला माहीत? आमच्याकडं झोपताना लाईट घालवतात!

पुन्हा विचारायची सोय नव्हती. वाल्मीकला कळलं असतं तर परत चार दिवस फोन, नाहीतर मांडवात अर्धी भावकी गायब! पोरीच्या लग्नात रिकाम्या खुर्च्या कशा बघायच्या हो? बसलो आठवत. घाम पुसायचा, नाव टाकायचं, सेव्ह करायचं. पत्रिका छापून आल्या. वाल्मीकनं चष्मा लावून आप्पांचं नाव शोधलं, "बराबर हाय." मामा खूश, साडू खूश. सगळे आले, लग्न झकास झालं, जेवून तृप्त होऊन गेले.

परवा सहज पत्रिका घेऊन नावं मोजली. साठ! पुन्हा मोजली. साठच! कोण राहिलं? कोण रुसलं असेल? एकेका नावावर बोट ठेवत गेलो… आणि बघतो तर मी! पोरीचा बापच नाय पत्रिकेत! पाचशे पत्रिका घरोघर गेल्या, एकानं, अहो एकानंही विचारलं नाय!

वाल्मीकला नेऊन दाखवली. त्यानं चष्मा लावला, पत्रिका वरून खाली वाचली आणि म्हणाला,

"पण आप्पांचं बराबर हाय ना?"